गोवारीकरांच्या सोळा खुणा व आमचे एक खाचर

मृग जवळ आला म्हणजे पावसाचा अंदाज खरा की खोटा, हा वाद गावोगाव रंगतो. आमच्या मते अंदाज कोणाचा, यापेक्षा तो कशाविषयी आहे, हे शेतकऱ्याने आधी विचारावे. ही गोष्ट आम्हांस एका थोर शास्त्रज्ञाच्या चरित्रावरून व काहीशी स्वतःच्या नुकसानीवरून कळली. ती वाचकांपुढे ठेवीत आहोत.

डॉ. वसंत गोवारीकर यांचा जन्म पुणे येथे 1933 साली झाला. इंग्लंडात बर्मिंगहॅम विद्यापीठात त्यांनी रसायन अभियांत्रिकीचे संशोधन केले. डॉ. विक्रम साराभाई यांच्या बोलावण्यावरून 1967 साली ते केरळातील थुंबा येथे आले व अग्निबाणाच्या घन इंधनाच्या कामास लागले. पुढे 1986 साली ते केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे सचिव झाले. त्या काळी हवामान खाते ह्याच विभागाकडे होते. म्हणजे इंधनाचा तज्ज्ञ मनुष्य पावसाच्या कारभारात शिरला.

असे अन्यत्रही घडले आहे. अमेरिकेत रॉबर्ट व्हाइट हे एका विमा कंपनीने काढलेल्या हवामान संशोधन केंद्राचे अध्यक्ष होते. तेथून 1963 साली ते सरकारी हवामान खात्याचे प्रमुख झाले आणि 1970 साली समुद्र व वातावरण यांचा कारभार पाहणाऱ्या नव्या सरकारी संस्थेचे पहिले प्रशासक झाले. विमा कंपनीस आपल्या जोखमीपुरता अंदाज पुरतो. सरकारास साऱ्या देशाचा द्यावा लागतो. हा भेद ध्यानात ठेवावा.

1987 साली देशात मोठा दुष्काळ पडला. त्यानंतर 1988 साली गोवारीकर व हवामान खात्यातील त्यांचे सहकारी यांनी सोळा खुणांवरून मोसमी पावसाचा अंदाज देण्याची पद्धत सुरू केली. हिमालयावरील बर्फ, प्रशांत महासागराचे तापमान, दूरदूरच्या ठिकाणचा वायुभार, वाऱ्याची गती अशा ह्या खुणा होत्या. अनुकूल किती व प्रतिकूल किती, हे पाहून जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत साऱ्या देशात मिळून किती पाऊस पडेल, ते सांगत. 1988 ते 2001 ही चौदा वर्षे देशव्यापी दुष्काळ पडला नाही, व पद्धतीचे नाव झाले.

मग 2002 साल आले. अंदाज सरासरीच्या 101 टक्क्यांचा होता. प्रत्यक्षात पाऊस 19 टक्के कमी पडला, आणि ऐन जुलैत तर जवळजवळ निम्माच पडला. खुणांचे पावसाशी असलेले नाते कायमचे नसते. काळाने ते सैल पडते. खात्याने 2003 पासून ती पद्धत बदलली. चूक दिसताच हिशेब नव्याने मांडणे, हीच शास्त्राची रीत होय.

आता आमची गोष्ट. महसूल खात्यात कारकुनी करीत असता पर्जन्यमापकाचे आकडे आम्ही रोज नोंदीत असू. तरी शहाणपण उशिरा आले. एके वर्षी 'पाऊस सरासरीइतका' हे शब्द वर्तमानपत्रात वाचून आम्ही निर्धास्तपणे धूळवाफ पेरणी केली. पहिल्या सरीने रोप उगवले, पुढे पंधरा दिवस उघडीप पडली आणि रोप करपले. बी पुन्हा विकत आणून पेरावे लागले. लावणी मागे पडली. वर्षअखेर देशाचा पाऊस सरासरीइतकाच भरला! अंदाज खरा होता. आमचे वाचन खोटे होते.

कामतघरास वऱ्हाळादेवीच्या तलावाभोवती आता इमारती झाल्या आहेत. परंतु तालुक्यात जेथे भाताची खाचरे उरली आहेत, तेथे हा धडा अद्याप लागू आहे. अंदाज वाचताना तीन प्रश्न विचारावे: किती प्रदेशाचा? किती दिवसांचा? किती खात्रीचा? देशाच्या चार महिन्यांच्या अंदाजावर पेरणीचा दिवस ठरवू नये. त्यासाठी जिल्ह्याचा पाच दिवसांचा अंदाज पाहावा; तो कृषिसल्ल्यासह मंगळवारी व शुक्रवारी निघतो.

दुसरे, आपला पाऊस आपण मोजावा. एक गुंठ्यावर 10 मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे सुमारे एक हजार लिटर पाणी पडले. राज्यात महावेध योजनेखाली महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली आहेत. ती स्कायमेट ह्या खासगी संस्थेने बसविली, आणि त्यांच्या आकड्यांचा पीकविम्याशी संबंध येतो. मंडळाचा आकडा व आपल्या वहीतील आकडा शेजारी ठेवण्याची सवय करावी. तफावत दिसल्यास वेळीच विचारता येते.

गोवारीकर 2015 साली निवर्तले. त्यांनी देशाचा हिशेब मांडला. आपल्या खाचराचा हिशेब आपणच मांडला पाहिजे.