मराठीतून नेट-सेट : आधी मूळ पुस्तक, मग गाइड

‘मुलगी एम.ए. मराठी करतेय, पुढे काय?’ पनवेलमध्ये दहावी-बारावीच्या निकालानंतरच्या मार्गदर्शन वर्गांत हा प्रश्न हमखास येतो. त्यामागची काळजी खरी आहे, म्हणून उत्तरही सरळच देते. महाविद्यालयात मराठी शिकवायचे असेल, तर नेट किंवा सेटची तयारी एम.ए.च्या पहिल्या वर्षापासूनच सुरू करा.

परीक्षेचे स्वरूप

नेट देशपातळीवरची परीक्षा. एनटीए ही राष्ट्रीय परीक्षा संस्था ती साधारणपणे जून आणि डिसेंबर अशा दोन सत्रांत घेते. सेट ही महाराष्ट्र आणि गोव्यासाठी असून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ ती घेते. आराखडा सारखाच आहे : पहिल्या पेपरात ५० प्रश्न, दुसऱ्यात १००, प्रत्येकी २ गुण, एकूण ३०० गुण आणि ३ तास. चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. एम.ए.ला खुल्या प्रवर्गासाठी ५५ टक्के, राखीव प्रवर्गांसाठी ५० टक्के गुणांची अट आहे. शेवटच्या वर्षाला असतानाही परीक्षेला बसता येते.

पाठांतर कुठे कमी पडते?

कालानुक्रमाचा एक नमुना प्रश्न घ्या. ‘कोसला’, ‘बळी’, ‘यमुनापर्यटन’, ‘रणांगण’ यांचा क्रम लावा. गाइड पाठ केलेला विद्यार्थी सनावळ्या आठवत बसतो. कादंबऱ्या वाचलेल्याला सन आठवला नाही तरी चालते. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’मध्ये विधवांचे हाल आणि मिशनरी काळ आहे. ‘रणांगण’मध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून निघालेली बोट आहे. ‘बळी’त गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या सेटलमेंटचे तारेचे कुंपण आहे, आणि ‘कोसला’त पुण्याच्या वसतिगृहातला पांडुरंग सांगवीकर. १८५७, १९३९, १९५०, १९६३ हा क्रम आपोआप लागतो.

म्हणून एक वही करा. एका पुस्तकाला एक पान : लेखक, साल, पात्रे, भाषेची लकब आणि त्यावर झालेली चर्चा. पुस्तके वाचनालयातून आणा. सगळी विकत घ्यायची गरज नाही. एखाद्या रविवारी अलिबागजवळच्या अक्षीलाही जाऊन या. तिथला शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२चा शिलालेख मराठीतला आद्य शिलालेख म्हणून अभ्यासला जातो. आपल्याच जिल्ह्यातला तो दगड एकदा पाहिला की भाषेच्या इतिहासाचा धडा कोरडा वाटत नाही.

पहिला पेपर विसरू नका

कला शाखेची मुले मराठीच्या पेपरात तरतात आणि पहिल्या पेपरात अडकतात. अध्यापन, संशोधन, तर्क, आकडेवारी यांचा सराव रोज पाऊण तास हवाच. पनवेल-सीएसएमटी लोकलचा प्रवास त्यासाठी पुरेसा आहे. नेटचा पहिला पेपर हिंदी-इंग्रजीत असतो, तेव्हा मराठी माध्यमाच्या मुलांनी त्यातल्या संज्ञा आधीच ओळखीच्या करून घ्याव्यात. शेवटच्या दोन महिन्यांत दर आठवड्याला जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा.

पालकांसाठी

नेटमधून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळाल्यास संशोधनासाठी पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये मिळतात. पण नेट-सेट ही पात्रता आहे, नेमणूक नव्हे. जाहिरात निघून मुलाखत होईपर्यंत अनेकांना तासिका तत्त्वावर शिकवावे लागते. त्यामुळे बी.एड., भाषांतर किंवा मुद्रितशोधन यांपैकी एक वाट हाताशी ठेवा. यूपीएससीला मराठी साहित्य हा ५०० गुणांचा वैकल्पिक विषय आहे. हाच अभ्यास तिथेही उपयोगी पडतो.

पहिल्या प्रयत्नात निकाल आला नाही, तर मुलांना टोमणे मारू नका. कुठले घटक कच्चे राहिले, ते त्यांच्याबरोबर बसून पाहा. आणि विद्यार्थ्यांनो, आज गाइड मिटा आणि अभ्यासक्रमाच्या यादीतले पहिले पुस्तक वाचायला घ्या.