धूर डावीकडे, खुर्च्या उजवीकडे

सोनू, योसेमिटीत अप्पर पाइन्सची साइट मिळाली म्हणून तू ग्रुपवर जे नाचलीस ते पाहिलं. जुलैत, तेही व्हॅलीत! लोक महिनोन्‌महिने टपून बसतात गं त्यासाठी. सासू-सासरे साताऱ्याहून येणार, पिल्लू जेमतेम दीड वर्षाचं, म्हणून तंबूच्या भानगडीत न पडता आरव्ही भाड्याने घेतलीस तेही बरं केलंस. पण खाली लिहिलंस, ‘जनरेटर आहे ना, एसी, मायक्रोवेव्ह सगळं चालेल, अगदी घरच्यासारखं.’ तिथे मात्र मी थबकले. ग्रुपवर सगळ्यांसमोर नको, म्हणून इथे लिहितेय.

एक तर योसेमिटीच्या आतल्या कुठल्याच कॅम्पग्राउंडवर विजेचं कनेक्शन मिळत नाही. म्हणजे आहे तो फक्त जनरेटर, आणि त्याच्याही वेळा बांधलेल्या: सकाळी 7 ते 9, दुपारी 12 ते 2, संध्याकाळी 5 ते 7. रात्री 10 ते सकाळी 6 तर कुणीच कसलाच आवाज करायचा नाही. आता तू हिशेबी बाई, लगेच म्हणशील, चला, सहा तास तर मिळाले. तिथेच आपलं चुकतं बघ. ते सहा तास म्हणजे आपला कोटा नव्हे. त्या वेळेतसुद्धा जपून चालवा, असं पार्क स्वतःच सांगतं. आणि प्रत्येक पार्कची तऱ्हा वेगळी. यलोस्टोनमध्ये जिथे परवानगी आहे तिथे सकाळी 8 ते रात्री 8 चालतं. ग्रँड कॅन्यनच्या मॅथर कॅम्पग्राउंडमध्ये पाइन लूप म्हणून एक भाग जनरेटरवाल्यांना बंदच आहे. तेव्हा ‘मागच्या वेळी तिकडे चाललं होतं’ हे इकडे ऐकून घेत नाहीत.

आता मला जे खरं सांगायचंय ते. गाडी ताब्यात घेशील तेव्हा तिच्याभोवती एक चक्कर मार. दार, पायरी, वर गुंडाळलेलं छत, सगळं उजव्या अंगाला असतं. तुमच्या खुर्च्या, टेबल, चहा, गप्पा, सगळं त्याच बाजूला. आणि बऱ्याच भाड्याच्या गाड्यांत जनरेटर असतो डाव्या अंगाला, मागच्या चाकाच्या आसपास, खाली एका जाळीच्या दाराआड. त्याची धुराची नळीही तिकडेच. म्हणजे तुम्ही एसी लावून, दार ओढून आत बसलात की तुम्हाला जेमतेम घरघर ऐकू येते. खरा आवाज आणि धूर जातो डावीकडच्या साइटवर. तिथे एखादं जोडपं कापडी तंबूत बाळाला झोपवत असतं. सगळ्यात कमी त्रास ज्याला, त्याच्याच हातात बटण! म्हणून ‘आम्हाला तर काहीच वाटलं नाही’ असं म्हणणाऱ्यांचं मला हसू येतं.

नियमाचा आकडाही सांगून ठेवते, कारण भाऊजी आकड्यांशिवाय ऐकायचे नाहीत. इथल्या नॅशनल पार्कांत कुठल्याही यंत्राचा आवाज 50 फुटांवरून मोजला तर 60 डेसिबलच्या वर जाता कामा नये. 50 फूट म्हणजे साधारण 15 मीटर. पण अप्पर पाइन्सला शेजारी 50 फुटांवर असेलच असं नाही, झाडांच्या दाटीत साइट्स चांगल्याच जवळजवळ आहेत. मोकळ्यावर अंतर निम्मं झालं की आवाज सुमारे 6 डेसिबलने चढतो. म्हणजे नियमात बसणारं यंत्रसुद्धा तंबूतल्या बाईच्या कानाशी नियमापेक्षा मोठं वाजू शकतं. आणि तुमच्या त्या मित्राने ‘माझ्याकडे आहे, घेऊन जा’ म्हणून बांधकामावरचा उघड्या सांगाड्याचा जनरेटर देऊ केलाय ना, तो अजिबात नेऊ नका. त्याचं इंजिन भार असो नसो, एकाच वेगाने बोंबलत राहतं. होंडाच्या ईयू2200आयसारखे इन्व्हर्टर जनरेटर भार कमी झाला की इंजिनही हळू करतात, म्हणून ते तरी सुसह्य. तुझ्या गाडीत आधीच बसवलेला आहे, त्यामुळे दुसऱ्याची गरजच नाही.

खरं सांगू का, शेजाऱ्यांची काळजी तिथे पोचल्यावर नाही घेता येत. ती आत्ता, घरी बसून, यादी करताना घ्यायची. कशाला वीज लागते आणि कशाला नाही, एवढं नीट कळलं की निम्मा जनरेटर बंद. दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा हे सगळं गाडीच्या 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालतं. शेगडी आणि गरम पाणी प्रोपेनवर. फ्रिजही बऱ्याच गाड्यांत प्रोपेनवर चालतो, गाडी घेताना तेवढं विचारून घे. जनरेटर लागतो तो एसीला, मायक्रोवेव्हला आणि भिंतीतल्या प्लगांना. म्हणजे तुझ्या लाडक्या इन्स्टंट पॉटला! तो घरी ठेव. साधा कुकर घे, शेगडीवर मजेत भात होतो. नारळ-कोथिंबिरीची चटणी घरून वाटून, गोठवून ने. सासूबाईंना सांग, मिक्सर नाही म्हणजे नाही. दाण्याचं कूट, भाजणी, मेतकूट, लाडू, एवढ्यावर तीन दिवस निघतात. शिवाय सासूबाईंना कुणी विचारलंच तर थालीपीठ कुठल्याही शेगडीवर थापतील.

आणि हो, कुकरच्या शिट्ट्या! सकाळी सहाला त्या पाइनच्या झाडांत कुकर ओरडला की चार साइट्स जाग्या होतात. आपल्याला तो आवाज म्हणजे घर, पण ज्याने कधी ऐकलाच नाही त्याला वाटतं काहीतरी फुटलं. भात दुपारी लाव.

एसीचं म्हणशील तर व्हॅली चार हजार फुटांवर आहे. जुलैच्या दुपारी चांगलंच तापतं, पण दुपारी गाडीत बसणार कोण? सासऱ्यांना नदीकाठी सावलीत बसवा, पिल्लाला पाण्यात पाय बुडवू दे. सूर्य कलला की खिडक्या आणि छतावरची झडप उघडायची, छतातला पंखा लावायचा, तोही बॅटरीवरच. रात्री उलट पांघरूण शोधाल. तरी कुणाला उन्हाचा खरंच त्रास असेल तर आत्ताच विचार कर आणि एक-दोन रात्री पार्काबाहेर, ग्रोव्हलँडच्या बाजूला वीज-पाण्याचं कनेक्शन असलेल्या खासगी आरव्ही पार्कात काढ. तिथे वायर खोचली की एसी दिवसभर चालव, कुणाचं काही जात नाही. थोडं लांब पडेल, पण म्हाताऱ्या माणसांना घामाघूम करून निसर्ग दाखवण्यात अर्थ नाही.

सासऱ्यांना झोपेत श्वासासाठी सीपॅप मशीन लागतं म्हणालीस. त्याच्यासाठी रात्री जनरेटर लावायचा विचारही नको. नियमाचं सोड, झोपेत जनरेटर चालू ठेवणं जिवावर बेततं. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. त्या मशीनचा 12 व्होल्टचा अडॅप्टर मिळतो का ते कंपनीकडून आजच विचारून घे, हवा ओलसर करणारा भाग बंद ठेवला तर वीज बरीच कमी लागते. आणि गाडीतला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बटण दाबून वाजवून बघ. धुराची नळी कुणाच्या तंबूच्या तोंडाशी येत नाही ना, हे गाडी लावतानाच उतरून पाहायचं. भाऊजी चाकावर, तू खाली.

बॅटरी उतरली तर? दिवसा थोडं फिरून आलात तरी गाडी चालताना ती भरते. फारच वाटलं तर संध्याकाळच्या वेळेत, पाचच्या ठोक्याला नाही, साडेपाचला, शेजारी फिरायला गेलेले असताना तासभर चालव. आणि आधी जाऊन सांग. हे आपल्याला जड जातं, माहितेय. गेल्या उन्हाळ्यात आमच्या शेजारी एक अमेरिकन आजोबा होते. वेळ त्यांच्या हक्काची होती, तरी चालत आले, टोपी काढली आणि म्हणाले, बायकोला वाफ द्यायचीय, वीस मिनिटं, आत्ता चालेल की तुमचं जेवण झाल्यावर? आम्ही जेवणानंतर म्हटलं, ते मान डोलावून गेले. नंतर ती वीस मिनिटं कधी संपली कळलंही नाही. तेच न सांगता लावलं असतं तर मी घड्याळ लावून बसले असते, हे मी तुला खात्रीने सांगते.

आता उलट बाजू. शेजाऱ्याने रात्री अकराला जनरेटर लावला तर भाऊजींना टॉर्च घेऊन पाठवू नकोस. अंधारात, परक्या साइटवर, चिडून जायचंच नाही. कॅम्प होस्ट असतो, त्याची साइट कुठे ते पहिल्या दिवशीच बघून ठेव. त्याला सांगायचं आणि बाजूला व्हायचं. दिवसा असेल तर मात्र स्वतः जा, हसतमुख. अर्ध्या लोकांना खरंच माहीत नसतं, तुझ्यासारखीच पहिल्यांदा भाड्याने घेतलेली गाडी असते.

अजून एक, जरा नाजूक. कुणी येऊन तुम्हाला टोकलं की पहिला विचार येतो, आपण देशी दिसतो म्हणून बोलला. कधी तसंही असतं, नाही म्हणत नाही. पण आधी घड्याळ बघायचं. संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली असतील आणि आपला जनरेटर चालू असेल, तर तो माणूस आपल्या रंगाबद्दल नाही, दहा मिनिटांबद्दल बोलतोय. बंद कर, सॉरी म्हण, विषय संपला. घड्याळ आपल्या बाजूने असेल आणि तरी तो घालून पाडून बोलला, तर होस्टकडे जायचं. मान खाली घालायची नाही.

सासू-सासऱ्यांना व्हिडिओ कॉल स्पीकरवर घेऊ देऊ नकोस हे वेगळं सांगायला नको. तिकडे संध्याकाळ म्हणजे इथे पहाट, आणि साताऱ्याशी बोलताना आपली माणसं साताऱ्यापर्यंत आवाज पोचवतात.

गाडी घेताना जनरेटरच्या तासांचा मीटर किती आहे त्याचा फोटो काढ, कारण काही कंपन्या तासावर पैसे लावतात. पेट्रोल तो गाडीच्याच टाकीतून घेतो, पण टाकी साधारण पाव उरली की बहुतेक गाड्यांत आपोआप बंद पडतो, परतीला तेल राहावं म्हणून. मग बिघडला म्हणून कंपनीला फोन करत बसू नकोस. चटण्यांचं गुरुवारी करूया, मी सुट्टीच घेतलीय. नारळ माझ्याकडे आहेत, तू फक्त कोथिंबीर आण.