पुसलेली फाइल किती काळ परत मिळते?

प्रश्न : माझ्या लिनक्स संगणकावर निल्फ्स-२ ही फाइल सिस्टीम आहे. तिच्यातले चेकपॉइंट आणि स्नॅपशॉट नेमके किती दिवस राहतात?

उत्तर : सेटिंग बदललं नसेल, तर चेकपॉइंटची हमी फक्त एका तासाची. स्नॅपशॉट मात्र तुम्ही स्वतः मोडेपर्यंत राहतो.

जपानच्या एनटीटी कंपनीत घडलेली ही फाइल सिस्टीम २००९ मध्ये लिनक्स कर्नेलच्या २.६.३० आवृत्तीत आली. दुकानातली रोजकीर्द जशी खाडाखोड न करता पुढे लिहीत जातात, तसा ती प्रत्येक बदल नव्या जागेत लिहिते. लिखाण चालू असलं की दर काही सेकंदांनी एक चेकपॉइंट, म्हणजे त्या क्षणाच्या स्थितीची नोंद, आपोआप पडतो. त्यामुळे फाइल पुसली तरी तिचा मजकूर काही काळ डिस्कवर शाबूत असतो.

डिस्क भरू नये म्हणून मागे एक क्लीनर चालतो. ३६०० सेकंदांहून नव्या चेकपॉइंटला तो हात लावत नाही. पण तास उलटला की लगेच सगळं पुसतो, असंही नाही. डिस्कच्या जागेचे मोकळे तुकडे, म्हणजे सेगमेंट, १० टक्क्यांच्या खाली गेले की तो कामाला लागतो आणि २० टक्क्यांच्या वर गेले की थांबतो. म्हणून ऐसपैस डिस्कवर कित्येक दिवसांपूर्वीचे चेकपॉइंटही सापडतात. त्यांच्यावर विसंबू नका. एखादी मोठी व्हिडिओ फाइल उतरवली की ते जाऊ शकतात. क्लीनरच्या सेटिंगमध्ये मुदत ८६४०० सेकंद, म्हणजे एक दिवस करता येते. मात्र रोज भरपूर लिखाण होत असेल आणि डिस्क लहान असेल, तर जागा संपल्याचा संदेश येईल.

या रचनेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट ही, की काय जपायचं ते नंतर ठरवता येतं. फाइल गेल्याचं कळताच ‘एलएससीपी’ आज्ञेने यादी काढा, फाइल पुसली जाण्याआधीच्या वेळेचा चेकपॉइंट शोधा आणि ‘सीएचसीपी’ने त्याचा स्नॅपशॉट करा. तो फक्त वाचण्यापुरता माउंट करून फाइल उतरवून घ्या. काम झाल्यावर त्याचा पुन्हा चेकपॉइंट करा, नाहीतर त्याने अडवलेली जागा क्लीनरला सोडवता येत नाही.

हे सगळं एकाच डिस्कवर असतं. डिस्क बिघडली तर स्नॅपशॉटही जातात, तेव्हा महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवाच.