जुने स्पीकर घेताय? आधी बोट, सेल आणि मीटर लावा

बीड, अंबाजोगाई किंवा परळीत घरगुती हाय-फाय स्पीकरची चांगली जुनी जोडी सहसा हाती लागत नाही. मोबाइलवर जाहिरात दिसते ती छत्रपती संभाजीनगरची, नाहीतर पुण्याची. बीडहून संभाजीनगरच सुमारे १३० किलोमीटर. माल घरी आणल्यावर खराब निघाला, तर परत नेण्याचा खर्च परवडत नाही. तेव्हा तपासायचे ते विकणाऱ्याच्या घरीच, पैसे देण्याआधी. अर्धा तास पुरतो.

निघण्यापूर्वी फोनवर विचारा: मॉडेल कोणते, मूळ बिल आहे का, कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) कधी बदललाय का, अ‍ॅम्प्लिफायरवर ऐकवणार का? शेवटच्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर आले तर निघूच नका. ‘आधी ॲडव्हान्स टाका’ म्हणणाऱ्यालाही नकार द्या. बरोबर टॉर्च, स्क्रूड्रायव्हर, ऑक्स केबल, पेन्सिल सेल, वायरचे दोन तुकडे आणि साधा मल्टिमीटर घ्या. असा मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो.

पहिली गोष्ट, पुढची जाळी काढायला लावा. कोनाभोवतीची रिंग फोमची असेल तर बोटाने हलके दाबा. दहा-पंधरा वर्षांत फोम आतून कुजतो. लांबून धड दिसतो, हात लावला की भुगा होतो. रबराची रिंग जास्त टिकते. रिंगवर डिंकासारखा चकाकता थर दिसला तर चीर चिकटवलेली असू शकते. मग दोन्ही हातांची बोटे समोरासमोर ठेवून कोन सरळ, अगदी हळू आत दाबा. खरखर जाणवली तर कोनामागची तारेची कॉइल घासतेय. पेटीचा तळही पाहा: ओल लागलेला भुशाचा बोर्ड फुगतो, आणि तो पुन्हा बसत नाही.

आता वायर सोडवून मीटर लावा. ८ ओहमच्या स्पीकरला साधारण ६ ते ७ दिसतात, ४ ओहमच्याला ३ ते ३.५. दोन्ही पेट्यांचे आकडे जवळपास सारखे हवेत. काहीच दिसले नाही तर कॉइल तुटलेली, नाहीतर आतली वायर निघालेली. ट्विटरच्या, म्हणजे बारीक सुरांच्या छोट्या स्पीकरच्या, वाटेत कपॅसिटर असतो, त्यामुळे त्याचा हिशोब मीटर देत नाही. तिथे कानच लावावा लागतो. मग वायरच्या तुकड्यांनी दोन्ही पेट्यांच्या टर्मिनलला सेल एकाच पद्धतीने, धन टोक लाल टर्मिनलला, क्षणभरच टेकवा. दोन्ही कोन एकाच दिशेला उडाले पाहिजेत. उलटसुलट उडाले तर आतली जोडणी चुकली आहे, आणि ढोलाचा दम निघून जातो.

ऐकताना गाणे तुमच्या मोबाइलवरचे, ओळखीचे. पखवाज आणि टाळ असलेला अभंग यासाठी उत्तम: एकात खालचा सूर कळतो, दुसऱ्यात ट्विटर. विकणारा बेस वाढवून मोठ्याने लावतोच. बेस-ट्रेबल मध्यावर आणा, लाउडनेस बंद करा, आवाज आधी कमी ठेवा. बॅलन्स एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवा. एक बाजू मंद वाटली तर वायरींची अदलाबदल करा. दोष दुसऱ्या पेटीत गेला तर तो अ‍ॅम्प्लिफायरचा.

लग्नसराई आणि गणपती उरकल्यावर मंडपवाल्यांच्या पेट्या स्वस्तात निघतात. घरासाठी त्या घेऊ नका. ताणून वाजवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरने कॉइल भाजलेल्या असू शकतात, आणि वरून रंग नवा असतो.

खरी किंमत अशी काढा. समजा जोडी ६,००० ची, आणि मेकॅनिकने एका कोनाचे ८०० सांगितले. खर्च १,६०० धरा, कारण एक नवा आणि एक जुना कोन सारखा वाजत नाही. वर टेम्पो, वायर, हमाली. मेकॅनिकचा भाव आधी फोनवर घ्या आणि तेवढे पैसे घासाघीस करून कमी करा. स्वतःचे घरगुती सामान विकणाऱ्याने ‘जीएसटी वेगळा’ म्हटले तर देऊ नका. नोंदणी नसलेल्याला तो घेताच येत नाही.

पावतीवर मॉडेल, सिरीयल नंबर, रक्कम, तारीख आणि सही हवी. पैसे ऑनलाइन गेले आणि फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करा. दुकानातून घेतले असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. दुकान पुण्याचे असले तरी तुम्ही बीडमध्ये राहत असाल तर बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. त्यासाठी बिल मात्र मागून घ्या.