हुंकारा

रात्री अंथरुणावर आजी गोष्ट सांगायची तेव्हा तिची एकच अट असे: हुंकारा द्यायचा. आमचं ‘हं’ थांबलं की तीही थांबे. आम्ही झोपलो की नाही हे तिला अंधारातही कळायचं. पुढे शाळेत मराठी शिकवता शिकवता मी कथाकथन करू लागले. त्याला आता २६ वर्षं झाली. शाळा, वाचनालयं, गणेशोत्सवाचे मांडव, व्याख्यानमाला यांतून फिरताना जे हाती लागलं, ते नव्याने या वाटेला येणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

१. कुणाची गोष्ट सांगतोय ते आधी ठरवा. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार हे तिघे एकत्र कथाकथनाला जायचे आणि आपापल्या कथा सांगायचे. स्वतःच्या कथेतलं वाक्य ऐन वेळी फिरवायचा त्यांना हक्क होता. दुसऱ्याची कथा सांगणाऱ्याला तो नसतो. म्हणून लेखकाची कथा असली की संवाद मी अक्षरशः पाठ करते. लोककथा मात्र कधीच पाठ करत नाही. तिच्यातल्या घटनांचा क्रम पक्का ठेवते, शब्द समोरची माणसं बघून येतात.

२. छापलेली कथा जशीच्या तशी सांगता येत नाही. दिवाळी अंकाच्या एका पानाला मला साधारण चार मिनिटं लागतात. बारा पानांची कथा म्हणजे पाऊण तास, आणि आयोजकांनी दिलेली असतात तीस मिनिटं. तेव्हा कापावं लागतंच. सगळ्यात आधी ‘तो म्हणाला’, ‘ती म्हणाली’ जातात. त्यांचं काम मान करते: पाटील बोलताना नजर उजवीकडे, तलाठी बोलताना डावीकडे, लहान मूल बोलताना वर. ही जागा एकदा ठरली की शेवटपर्यंत हलवायची नाही. त्यानंतर निसर्गवर्णनं जातात, तीही जीव तुटत असताना. घटना मात्र कापू नका. एक दुवा निसटला तर ऐकणाऱ्याला मागचं पान उलटून बघता येत नाही.

३. बोली उसनी घेऊ नका. हा धडा मला सर्वांत महागात पडला. मी नाशिकची. शंकर पाटलांची ‘धिंड’ मी शहरात बऱ्याचदा सांगितली होती आणि लोक पोट धरून हसले होते. एकदा हातकणंगले तालुक्यातून बोलावणं आलं. पाटलांचं पट्टणकोडोली याच तालुक्यातलं, त्यामुळे मी हरखून गेले. त्या रात्री समोरचे लोक शांतपणे ऐकत राहिले. हसू आलं, पण तोलून-मापून. कार्यक्रमानंतर एक म्हातारे गृहस्थ जवळ आले आणि अगदी मायेने म्हणाले, “ताई, बोलणं आमचंच हाय, पर बोलणारा आमच्यातला न्हाई वाटला.”

रात्रभर झोप लागली नाही. शहरात लोक कशाला हसत होते हे त्या रात्री कळलं. मी सगळ्याच पात्रांना एकसारखा लांब हेल देत होते, आणि लोक त्या हेलाला हसत होते. पाटलांच्या माणसांना आपापला ताठा आहे, भीती आहे, कावा आहे. ते सगळं मी एका सुरात बुडवून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी परतीची गाडी सोडून दिली आणि आठवडी बाजारात दिवसभर नुसती ऐकत फिरले. भाव सांगताना आवाज कुठे चढतो, पैसे मागताना कुठे बसतो, बायका आपसात किती भरभर बोलतात. तेव्हापासून निवेदन मी माझ्याच भाषेत करते आणि बोली फक्त संवादात ठेवते, तीही जेवढी कानाने मिळवली आहे तेवढीच.

४. हसू पूर्ण होऊ द्या. हशा चढतो, टिकतो आणि उतरू लागतो. तो उतरू लागला की पुढचं वाक्य उचला. आधी उचललंत तर ते वाहून जातं, आणि लोक पुढच्या वेळी ऐकू यावं म्हणून हसणं आवरून धरतात. करुण प्रसंगानंतरची शांतताही अशीच सोसता यायला हवी. मला ती सोसायला दहा वर्षं लागली.

५. माईक तोंडापासून चार बोटं लांब आणि जरा तिरका धरा, नाहीतर प, फ, भ फुटतात. कार्यक्रमाच्या आधी थंड काही पिऊ नका.

६. परवानगी घ्या. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क वारसांकडे राहतो, आणि ही वर्षं पुढच्या जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन २०११पासून सर्वांचं झालं. शंकर पाटील १९९४ साली गेले, म्हणजे त्यांच्या कथांसाठी २०५४ संपेपर्यंत विचारायलाच हवं. मी पत्र लिहून विचारते, आणि कार्यक्रमात कथेआधी लेखकाचं नाव घेते.

७. मानधन आधी बोला. एका मंडळाने मला शाल-श्रीफळ देऊन रात्री साडेअकराला एसटी स्थानकावर सोडलं होतं. त्याच मांडवात रोषणाईवाल्याचे पैसे सकाळीच चुकते झाले होते. गोष्ट सांगणं हेही काम आहे. त्यामागे महिनाभराची तयारी असते. शाळांकडून मी फक्त प्रवासखर्च घेते; बाकी ठिकाणी आकडा आणि परतीची सोय फोनवरच ठरवते. त्यात संकोच वाटून घेऊ नका.

८. शेवटचं आयोजकांसाठी. मंचासमोर पाहुण्यांचे सोफे असतात, निम्मे रिकामे. त्यामागे मोकळी जागा, मग खुर्च्या, आणि मुलं पार मागे कठड्यावर. वर मंचावरचा दिवा डोळ्यांवर असा मारलेला की समोर नुसता काळोख. अशा वेळी हुंकारा माझ्यापर्यंत पोचतच नाही. तुमच्याकडे कथाकथन ठेवाल तेव्हा एवढं करा: सोफे बाजूला घ्या, मंचाला लागून सतरंजी अंथरा, मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना तिथे बसवा, आणि श्रोत्यांवरचा एक तरी दिवा चालू ठेवा.