जंतूविना येणारा ताप

ताप आला की आपण जंतू शोधतो. तुर्की, आर्मेनियन, अरब व ज्यू लोकांत अधिक आढळणाऱ्या कौटुंबिक भूमध्यसागरी ज्वरात मात्र जंतू सापडतच नाही. ताप आणि पोटदुखी अचानक उद्भवते, एक ते तीन दिवसांत आपोआप ओसरते व काही काळाने परत येते. अपेंडिक्स समजून कित्येकांवर विनाकारण शस्त्रक्रिया झाल्या.

दोष असतो १६व्या गुणसूत्रावरील ‘एमईएफव्ही’ जनुकात. ते १९९७ मध्ये सापडले. त्यापासून बनणारे पायरिन हे प्रथिन पांढऱ्या पेशींतला पहारेकरीच. जंतूच्या विषाची चाहूल लागताच ते दाह सुरू करते. त्याच्या ६९४व्या जागी मेथिओनिनऐवजी व्हॅलिन आले, तर शत्रू नसतानाही इशारा दिला जातो.

आजार बहुधा अप्रभावी, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष लागतात. आईवडील वाहक, पण स्वतः ठणठणीत. अपत्याला धोका १/४. इथे परीक्षेत अनेक जण चुकतात. पहिले मूल आजारी, म्हणून पुढची तीन निरोगी, असे नव्हे. प्रत्येक वेळी शक्यता १/४च.

असे जनुक टिकले कसे? प्लेगचा जंतू पायरिनला गप्प करतो. बदललेले पायरिन सहज गप्प बसत नाही, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. वाहक प्लेगमधून तगले असावेत.

उपचार न झाल्यास मूत्रपिंडात अमायलॉइड साचून ती निकामी होऊ शकतात. १९७२ पासून यावर कोल्चिसिन वापरतात, तेही रोज, ताप नसतानाही. हेच द्रव्य आपल्याकडच्या विषारी कळलावीत असते, म्हणून मात्रा डॉक्टरच ठरवतात.