विषण्णतेवरील औषधे आणि अफूची ग्राहीस्थाने

माळव्यातील मंदसौर व नीमच या भागांत शासकीय परवान्याने होणारी अफूची शेती अनेक वाचकांना परिचित आहे. वेदना शमविणारा व मनास घटकाभर सुख देणारा हा पदार्थ मेंदूत नेमके कोठे कार्य करतो, हे १९७३ साली प्रयोगाने सिद्ध झाले. अफूजन्य द्रव्ये ज्यांना चिकटतात अशी ग्राहीस्थाने अमेरिकेत कॅन्डेस पर्ट व सॉलोमन स्नायडर यांनी त्या वर्षी दाखवून दिली. किल्ली ठराविक कुलपातच बसावी, तसा हा प्रकार आहे. परंतु निसर्गाने हे कुलूप खसखशीच्या बोंडासाठी खचितच घडविले नसणार! १९७५ मध्ये ॲबर्डीन येथील ह्यूज व कॉस्टरलिट्झ यांनी ‘एन्केफॅलीन’ ही मेंदूची स्वतःची किल्ली शोधून काढली.

या ग्राहीस्थानांचे म्यू, डेल्टा व कॅपा असे तीन प्रमुख प्रकार आहेत. म्यू उत्तेजित झाल्यास वेदना शमते व सुख वाटते. मात्र श्वास मंदावतो आणि व्यसनही जडते. कॅपा उत्तेजित झाल्यास मन उलट खिन्न होते.

फ्रान्समध्ये तयार झालेले टायनेप्टीन हे विषण्णतेवरील औषध सिरोटोनिनवर परिणाम करते, असा दीर्घकाळ समज होता. ते म्यू ग्राहीस्थानांना उत्तेजित करते, असे २०१४ साली आढळून आले. योग्य मात्रेत उपकारक ठरणारे हे औषध अतिमात्रेत अफूप्रमाणे घातक होते. अमेरिकेत त्यास औषध म्हणून मान्यता नाही. तरीही तेथील पेट्रोल पंपांवरील दुकानांत ते ‘पूरक आहार’ म्हणून विकले गेले आणि अनेकजण त्याच्या आहारी गेले.

व्यसन टाळून केवळ गुण घ्यावा, या हेतूने ब्युप्रेनॉर्फीन व सॅमिडॉर्फन यांचे मिश्रण तयार करण्यात आले. यातील दुसरे द्रव्य म्यूवरील परिणामास आवर घालते. परंतु परिणामकारकतेचा पुरावा अपुरा असल्याचे सांगून अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने २०१९ मध्ये त्यास मान्यता नाकारली.

तात्पर्य, तात्पुरते सुख म्हणजे रोगमुक्ती नव्हे. विषण्णता हा उपचाराने बरा होणारा आजार आहे. त्यावरील औषध वैद्यकीय सल्ल्यावाचून सुरू करू नये, वाढवू नये आणि एकाएकी बंदही करू नये. मन फारच खचले असल्यास ‘टेली मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. त्याचा लाभ निःसंकोचपणे घ्यावा.